हवामानाचे मॉडेल, पत्र्याचे घर आणि ‘समाजाला काय उपयोग?’



आपल्या चळवळीत एक प्रश्न फार सहज विचारला जातो : ‘याचा समाजाला काय उपयोग?’ गेली तीन-चार वर्षे हा प्रश्न मी माझ्या मामेभावाबद्दल ऐकत आले आहे. धुळ्याच्या लग्नात ऐकला, जळगावला जयंतीच्या बैठकीत ऐकला, बाबासाहेबांच्या १९३७ च्या मुक्कामाची आठवण म्हणून दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जी गर्दी जमते तिथेही ऐकला. भाऊ पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करतो. विषय विचारला की सांगतो, ‘मशीन लर्निंग वापरून भौतिक व्यवस्थांचे सिम्युलेशन.’ ऐकणारा क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, ‘म्हणजे कॉम्प्युटरच ना? मग कंपनीत जा. नाहीतर एमपीएससी दे. तहसीलदार झालास तर चार लोकांची कामे होतील.’

असे म्हणणाऱ्याला मी हसत नाही. जातीच्या दाखल्यासाठी, घरकुलाच्या यादीसाठी, गायरानावरच्या अतिक्रमणाच्या नोटिशीसाठी ज्याने तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला आपला माणूस खुर्चीत बसलेला हवा असतो. मी स्वतः कामाच्या निमित्ताने आठवड्यातले दोन दिवस त्याच पायऱ्यांवर असते. पण या प्रश्नाआड एक समजूत लपलेली आहे, आणि तिच्याशी माझे भांडण आहे. ती समजूत अशी, की निसर्गाचे नियम शोधणे, समीकरणे मांडणे, पावसाचे गणित करणे ही पोट भरलेल्यांची हौस आहे; आपण आधी पोटापाण्याचे पाहावे.

भाऊ या विषयाकडे पोट भरल्यामुळे वळला नाही. तो उकाड्यामुळे वळला.

मामा एसटीच्या धुळे आगारात मेकॅनिक होते. घर दोन खोल्यांचे, भिंती विटांच्या, वर पत्रा. खानदेशातला मे महिना ज्याने पत्र्याखाली काढला त्याला वेगळे सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि धुळेही फार मागे नसते. बी.एस्सी. धुळ्यात करून तो एम.एस्सी. फिजिक्ससाठी जळगावला विद्यापीठात आला. प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा त्याने आपलेच घर निवडले. उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी जाते याचे समीकरण फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ मध्ये पुस्तकरूपाने मांडून ठेवले आहे. भावाने कागदावर खोलीचे हजारो लहान चौकोनी तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला शेजारच्या तुकड्याकडून किती उष्णता येते, तो पुढे किती देतो, हे मिनिटामिनिटाने मोजायचे. यालाच सिम्युलेशन म्हणतात : जे प्रत्यक्षात घडते त्याची आकड्यांत उभी केलेली प्रतिकृती. एका दुपारचे गणित सोडवायला त्याचा जुना, दुसऱ्याकडून विकत घेतलेला लॅपटॉप रात्रभर घरघरत असे. दुपारी पत्रा तापतो हे कोणालाही कळते. रात्री दहा वाजता पत्रा निवलेला असतो आणि भिंती दिवसभर साठवलेली आग हळूहळू आत सोडत असतात, म्हणून झोप लागत नाही, हे त्या गणितातून दिसले. मामी म्हणाली, ‘हे मी तुला फुकटात सांगितले असते.’ खरेच आहे. पण खाट भिंतीपासून किती लांब सरकवली तर किती फरक पडेल, हे मामीला सांगता आले नसते.

मग त्याने दुसरी गोष्ट केली. अनेक दिवसांची अशी गणिते झाल्यावर त्याने ‘बाहेरचे तापमान इतके होते, आत इतके झाले’ अशा जोड्या एका छोट्या न्यूरल नेटवर्कला दाखवल्या. न्यूरल नेटवर्कला समीकरण सांगितलेले नसते. ते उदाहरणांवरून ढंग ओळखते, चुकते, चूक मोजते आणि स्वतःत थोडा बदल करून पुन्हा प्रयत्न करते. हजारो वेळा असे झाले की नव्या दिवसाचे उत्तर ते डोळे मिटून उघडेपर्यंत देते. रात्रभराचे काम क्षणात. भावाच्या सगळ्या पुढच्या वाटेचे बी त्या खोलीत आहे.

खोलीऐवजी पृथ्वीचे वातावरण घ्या. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, रुग्णवाहिकेवर काम करता करता, केवळ सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने करून पाहिले. त्याला सुमारे सहा आठवडे लागले आणि उत्तर सपशेल चुकले. तरी १९२२ मध्ये त्याने ते चुकलेले उत्तर पुस्तकात छापले, कारण पद्धत बरोबर आहे याची त्याला खात्री होती. आजचे हवामानाचे अंदाज त्याच पद्धतीवर उभे आहेत. माणसांच्या जागी सुपरकॉम्प्युटर आले एवढेच. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, १९६२ ची. तिथे २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे सुपरकॉम्प्युटर आले. तिथेच तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झाली. ती सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून पावसाचे गणित करते. आधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते. सहा किलोमीटरच्या चौकोनात गाव आणि बौद्धवाडा एकाच खान्यात येतात. आपल्या इतिहासात हे किती ठिकाणी घडले ते मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

यात मशीन लर्निंग आले ते अलीकडे. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या जयदीप पाठक यांनी एडवर्ड ऑट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २०१८ मध्ये दाखवले, की ज्योतीच्या कडेसारखी गोंधळी, बेभरवशाची वाटणारी हालचालसुद्धा केवळ जुन्या नोंदींवरून शिकलेले यंत्र बऱ्याच पुढपर्यंत सांगू शकते. त्याला समीकरण द्यावे लागत नाही. पुढे ते बर्कलीच्या प्रयोगशाळेत आणि मग एनव्हिडिया कंपनीत गेले, आणि २०२२ मध्ये त्यांच्या गटाने ‘फोरकास्टनेट’ हे साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचे मॉडेल मांडले. आठवड्याभराचा अंदाज दोन सेकंदांच्या आत. २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडचे ‘ग्राफकास्ट’ आले. ते ३९ वर्षांच्या नोंदींवर शिकले आणि दहा दिवसांचा अंदाज एका यंत्रावर मिनिटाच्या आत देऊ लागले. भावाने पाठक यांचा २०१८ चा लेख जळगावच्या वसतिगृहात वाचला होता. त्याच्या वहीत त्या लेखातल्या एकेका ओळीखाली तीन-तीन पाने गणित आहे. मी समाजशास्त्राची एम.ए.; मला त्यातले कळते ते त्याने मला चहा पिताना समजावले तेवढेच.

आता उपयोगाकडे येते. २०२५ च्या पावसाळ्याआधी केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर संदेश पाठवले : तुमच्या भागात सलग पाऊस कधी सुरू होईल. हा अंदाज गुगलचे ‘न्यूरलजीसीएम’ आणि युरोपीय हवामान केंद्राचे यांत्रिक बुद्धिमत्तेचे मॉडेल यांच्यावरून केला होता, सोबत आपल्या हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. संदेश मराठीतही होते. त्या वर्षी मान्सून मे महिन्यातच मुंबईत धडकला आणि मग सुमारे वीस दिवस अडून बसला. तो असा अडेल, हे या अंदाजात आधी आलेले होते. ज्याने पहिल्या सरीला भुलून कापूस लावला नाही, त्याचे बियाणे वाचले. दुबार पेरणी म्हणजे काय हे खानदेशात कोणाला सांगायचे? हे मोठे काम आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही.

पण त्याच जूनमध्ये मी पारोळा तालुक्यात शेतमजूर बायांची बैठक घेत होते. संदेशाबद्दल विचारले. एक बाई म्हणाली, ‘मोबाईल त मालकना शे. माले कसा येई मेसेज?’ दुसरीने पुढचे सांगितले. मालकाने लावणी पुढे ढकलली आणि तिचे आठ दिवसांचे काम गेले. ते जाणार आहे हे तिला आदल्या संध्याकाळी कळले. आधी कळले असते तर ती बहिणीबरोबर दुसऱ्या गावी कांद्याच्या कामाला गेली असती. आणखी एक गोष्ट सांगते, जी कृषी खात्याच्या कोणत्याही पत्रकात मिळणार नाही. दुबार पेरणी हे मालकाचे नुकसान असते. मजूर बाईला मात्र तोच रोज दुसऱ्यांदा मिळतो. म्हणून दुबार पेरणी व्हावी असे कोणी म्हणत नाही. पण एकाच पावसाचा हिशेब दोन घरांत दोन प्रकारे लागतो, हे मॉडेल करणाऱ्याला माहीत हवे की नको?

या देशाच्या कागदावर शेतकरी सातबाऱ्यापासून सुरू होतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही, ते राबतात शेतात, पण नोंदीत शेतकरी नाहीत. केळीच्या हवामानावर आधारित विम्याचेही तेच. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर तापमान किंवा वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की बागाईतदाराला भरपाई मिळते, मिळायलाच हवी. त्याच वाऱ्याने बाग झोपली म्हणून ज्यांचे घड वाहायचे काम बुडाले त्यांच्यासाठी त्या आकड्याचा काही अर्थ नाही. उष्णता आणि दमटपणा मिळून कोणत्या दुपारी अंगावर काम करणे जीवावर बेतेल, कोणत्या रात्री शरीर निवणारच नाही, हे सांगायला लागणारे आकडे याच मॉडेलांत पडलेले असतात. ते आकडे उचलून मजूर बाईसाठी संदेश करण्याचा प्रश्नच कोणाला पडलेला नसतो. भावाला तो पडतो. त्याला तो पडण्यासाठी समाजशास्त्र शिकावे लागले नाही.

याच मुद्द्याला लागून त्याने मला एक अभ्यास सांगितला. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी पाठक यांच्याच फोरकास्टनेटला शिकवताना जुन्या नोंदींतून सगळी मोठी चक्रीवादळे मुद्दाम वगळली. मग त्याच्यासमोर खरे महाचक्रीवादळ ठेवले. यंत्राने ते दर वेळी कमजोर ठरवले. जे त्याला कधी दाखवलेच नाही ते असू शकते, हे त्याच्या हिशेबात बसेना. मात्र एका समुद्रातली मोठी वादळे दाखवली आणि दुसऱ्यातली लपवली, तेव्हा ते दुसऱ्या समुद्रातली वादळेही बऱ्यापैकी ओळखू लागले. भावाच्या दृष्टीने हा तांत्रिक निष्कर्ष आहे. मी तो ऐकला तेव्हा मला गावाची दप्तरे आठवली, ज्यांत आमच्या वस्तीचा पूर नाही, आमच्या विहिरीचा दुष्काळ नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर पर्जन्यमापके विरळ आहेत. तिथला पाऊस यंत्र आजूबाजूच्या नोंदींवरून अंदाजाने भरते. नोंदीत नसलेल्याचे दुःख यंत्राला कमजोर वादळच वाटणार. तथागतांनी कालामांना सांगितले होते, की पूर्वापार चालत आले एवढ्यावर काही खरे मानू नका, पडताळून पाहा. केवळ पूर्वापारच्या नोंदींवर शिकणाऱ्या यंत्राबाबत संशोधक आज तेच म्हणत आहेत. न्यूरलजीसीएममध्ये म्हणूनच दोन्ही आहे : मोठ्या वाऱ्यांसाठी कार्यकारणाची समीकरणे, आणि ढगांसारख्या बारीक गोष्टींसाठी नोंदींवरून शिकणे.

आता आपल्या कार्यकर्त्यांना एक आठवण. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाच्या भागात त्यांनी स्पष्ट मांडले आहे, की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानातले उच्च शिक्षण हवे, ते महाग आहे, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि मुलांना परदेशीही पाठवावे. (कला शाखेची पदवीधर म्हणून हे वाचताना मला जरा लागते, पण असो.) हे सांगणारा माणूस स्वतः कायदेपंडित होता. त्याच काळात मजूरमंत्री म्हणून पाणी आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, १९४५ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग, यांच्यामागे ते उभे होते. नदीला किती पूर येईल, धरण किती उंच असावे, हे विचारणे त्यांना समाजाच्या प्रश्नांपासून दूर जाणे वाटले नाही.

आणि आपल्या चाळीसगावची १९२९ ची गोष्ट तर आपल्या पोरांना पाठ आहे. स्टेशनवरचा एकही टांगेवाला बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला आपलाच माणूस बसला, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. घोडा उधळला, पुलाच्या दगडांत चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. ही गोष्ट आपण टांगेवाल्यांच्या जातीयतेसाठी सांगतो, आणि तशीच सांगायला हवी. मी तिच्यात आणखी एक वाचते. त्या माणसाची निष्ठा पुरेपूर होती. लगाम धरायचे शिक्षण त्याला कोणी मिळू दिले नव्हते.

आज लगाम कोणाच्या हाती आहेत? भावाची एका नामांकित संस्थेत मुलाखत झाली. एका तज्ज्ञाने फॉर्मवरचा प्रवर्ग पाहून विचारले, ‘तुमच्याकडची मुले शक्यतो सामाजिक शास्त्रांकडे जातात ना?’ भावाने फळ्यावर समीकरण लिहून उत्तर दिले. यादीत नाव आले नाही. पुण्यात आले. तिथे फेलोशिपचा हप्ता आठ महिने अडकला, तेव्हा त्याने बारावीच्या शिकवण्या घेऊन खोलीचे भाडे दिले. हे एकट्याचे दुःख असते तर लिहिले नसते. २०१९ मध्ये संसदेने केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकपदांच्या आरक्षणाचा कायदा केला. विभागाऐवजी संपूर्ण संस्था हा एकक धरला, हे आंदोलनाचे यशच होते. पण त्याचे चौथे कलम वाचा. त्यासोबतच्या यादीतल्या संस्थांना हा कायदा लागू नाही. त्या यादीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. म्हणजे जिथे देशातले सर्वांत कठीण भौतिकशास्त्र होते, नेमके तिथेच शिकवणाऱ्याच्या खुर्चीला आरक्षण नाही. कारण काय तर उत्कृष्टता. समीकरणाला जात नसते हे मला मान्य आहे. निवड समितीलाही ती नसते, असे कायद्याने गृहीत धरले आहे. या कलमावर आपल्या किती मोर्चांत घोषणा झाली? आपण तहसीलदार मागत राहिलो आणि प्रयोगशाळेचे दार आपल्या नकळत लागले.

तेव्हा ‘उपयोग काय’ हे विचारणाऱ्या भावाबहिणींना मी म्हणते, हा प्रश्न पोराला विचारण्याआधी फेलोशिप अडवणाऱ्यांना विचारा, चौथे कलम लिहिणाऱ्यांना विचारा. पोराला विचारायचे तर वेगळे विचारा : तुला कोणत्या नोंदी हव्यात, आम्ही कुठून आणून देऊ?

मी तेच विचारले. त्याने सांगितले, पत्र्याखालच्या घरांच्या आतल्या तापमानाच्या नोंदी त्याला कुठेच मिळत नाहीत. हवामान केंद्र मोकळ्या जागेत, सावलीच्या पेटीत तापमान मोजते. माणूस झोपतो तिथे कोणी मोजत नाही. त्याच्या प्रबंधाचा हा भाग नाही, रात्रीचे जादा काम आहे. या मे महिन्यात आम्ही धुळे आणि पारोळ्याच्या अकरा घरांत साधे थर्मामीटर टांगले. दुपारी तीन, रात्री दहा, पहाटे पाच, अशा तीन वेळा आकडा वहीत लिहायचा. दोन घरांत लिहिता येणारे कोणी नाही, तिथे शेजारची आठवीतली मुलगी जाते. एका घराने पहिल्याच आठवड्यात थर्मामीटर परत केला. आकडा पाहून जास्त गरम होते म्हणाले. भावाला निदान दोन उन्हाळे सलग हवे आहेत, आणि विटांच्या भिंतीची, कुडाची, सिमेंटच्या पत्र्याची, अशी वेगवेगळी घरे. भुसावळ, अमळनेर, शिरपूरकडच्या वस्त्यांतून कोणी वही सांभाळायला तयार असेल तर थर्मामीटर मी स्वतः आणून देईन. पहाटे पाचची नोंद मात्र चुकवायची नाही.